सुई टोचण्याआधी बर्फ: लावावा की नाही?

मेघा_लक्ष्मीनगर

मंडळी, एक भांडण सोडवून द्या.

माझी लेक आठ वर्षांची. लहान मुलांना होतो तो संधिवात आहे तिला. त्यासाठी दर रविवारी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन असतं, मांडीत, कातडीखाली. शिवाय सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासणीसाठी अधूनमधून रक्त द्यावं लागतं. इंजेक्शन द्यायला गल्लीतले कंपाउंडर काका घरी येतात. ते म्हणतात, "वहिनी, आधी बर्फ फिरवा, पोरीला कळणारसुद्धा नाही." आम्ही फिरवतो, आणि रडारड खरंच कमी झाली आहे. पण लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या दादाने माझ्या हातातला बर्फाचा डबा बघूनच हात जोडले. "मॅडम, बर्फ लावाल तर शीर सापडणार नाही."

सासूबाईंचं तिसरंच. थंडीने सांधे धरतात, तेव्हा असल्या पोरीच्या अंगाला बर्फ लावायचाच नाही.

बर्फाने दुखणं खरंच कमी होतं की नुसतं लक्ष दुसरीकडे जातं? कुठल्या सुईला लावायचा, कुठल्या नाही, किती वेळ? घरचा अनुभव असेल तर आधी तो लिहा. गूगल मलाही येतं. :)

वऱ्हाडी_ठेचा

मे महिन्यात दुकानापासून घरी पोचेपर्यंत बर्फ राहिला त लावा बाप्पा. नाही त डायरेक्ट गोळेवाल्याच्या गाडीपाशीच इंजेक्शन घ्या. रडलं पोट्टं की कालाखट्टा हातात.

निवृत्त_सिस्टर

मेघाताई, तुमचे काकाही बरोबर आणि लॅबमधला दादाही बरोबर. दोघांच्या सुया वेगळ्या आहेत.

माझी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, त्यातली बरीच मुलांच्या वॉर्डात. स्नायूत किंवा कातडीखाली द्यायचं असेल तर शीर शोधायची नसते, तिथे बर्फाने काही अडत नाही. रक्त काढायचं किंवा सलाइन लावायची तर शीर फुगलेली हवी. थंडीने ती आकसते. लहान मुलांच्या शिरा मुळात बारीक. बर्फाने सुईचं दुखणं थोडं कमी केलं आणि शीर न सापडल्यामुळे दोनदा टोचलं, तर कमावलं काय?

आता लावायचा कसा ते सांगते, कारण इथेच गडबड होते.

घरोघरी मी बघितलंय, आई बर्फ फिरवून तयार आणि काका अजून वायलचं, म्हणजे औषधाच्या बाटलीचं, झाकण काढतायत. मग सिरिंज भरणार, टिचकी मारून बुडबुडा वर आणणार, स्पिरिटची बाटली शोधणार. तोपर्यंत कातडी पुन्हा गरम. बर्फाचा बधिरपणा फार तर मिनिटभर टिकतो. म्हणून औषध आधी भरून ठेवायचं, सुईचं टोपण तेवढं लावलेलं असू द्यायचं, आणि मग बर्फ.

बर्फ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळायचा. अर्धा ते एक मिनिट, एकाच जागी. बोट लावून विचारायचं, कळतंय का? बोथट लागतंय म्हणाली की कापडाने कोरडं करायचं, मग स्पिरिटचा बोळा, आणि स्पिरिट वाळू द्यायचं. वाळू द्यायचं हे ठळक अक्षरात वाचा. ओल्या स्पिरिटवरून सुई गेली की जी आग होते तिचं खापर सुईवर फुटतं. आणि स्पिरिट लावून झाल्यावर पुन्हा बर्फ फिरवायचा नाही. ते पाणी काही निर्जंतुक नसतं.

फ्रीझरमधला जेल पॅक थेट कातडीवर नको. वितळायला लागलेला बर्फ शून्य अंशावर असतो, फ्रीझरमधून नुकताच काढलेला पॅक त्याच्या कितीतरी खाली. कातडी पोळते.

जांभळी_ट्यूब

लॅबवाल्याची बाजू मांडायला आलोच. धंतोलीत एका लॅबमध्ये सकाळची पाळी करतो.

सिस्टरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे सकाळी उपाशीपोटी येतात तेव्हा लोक पाणीसुद्धा न पिता येतात. उपाशी म्हणजे अन्न नाही, साध्या पाण्याला बहुतेक तपासण्यांना हरकत नसते. पाणी पिऊन या, एसीत गारठला असाल तर पाच मिनिटं बाहेर बसा, हात खाली सोडून ठेवा. थंडीच्या दिवसांत आम्ही कोमट पाण्याची पिशवी कोपराला लावतो, दिसत नसलेली शीर वर येते. अजून एक, मूठ जोरजोरात उघडमीट करू नका. पट्टा बांधून असं केलं की पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि मग डॉक्टर पुन्हा पाठवतात. एकदा घट्ट मिटा, पुरे.

बोटाला टोचून साखर बघता ना, तिथेही बर्फ नको. रक्तच येत नाही, मग लोक बोट पिळत बसतात. कोमट पाण्याने हात धुवा, नीट पुसा आणि बोटाच्या कडेला टोचा. मधल्या गादीवर जास्त दुखतं.

रोखठोक_भाऊ

काहून एवढे लाड बे? आमच्या लहानपणी काचेची सिरिंज, उकळलेली सुई, आणि बाप दोन्ही हात धरून ठेवायचा. कोणी मेलं काय? आताच्या पोट्ट्यांना सुई टोचायची म्हणजे बर्फ, फुगे, मोबाइल आणि वरून चॉकलेट. सुई आहे, दुखणारच.

गोकुळपेठी

भाऊ, त्याच पिढीतला माझा काका बायपासची वेळ येईपर्यंत साखर तपासायला गेला नाही. कारण काय, तर सुई. घरच्या कोणाला सांगितलंही नाही, लाज वाटायची म्हणे. तुमची पिढी घाबरत नव्हती असं नाही, बोलत नव्हती.

रोखठोक_भाऊ

@गोकुळपेठी, आता हे मान्य करावं लागेल. आमच्याही घरात एक आहे असा नमुना. नाव नाही सांगत, धागा वाचून राहिला असेल तो.

बिनपाटीचा_डॉक्टर

पेशाने भूलतज्ज्ञ, त्यामुळे हा धागा म्हणजे घरचंच कार्य. मेघाताईंचा पहिला प्रश्न राहून गेला म्हणून तो घेतो: दुखणं खरंच कमी होतं की लक्ष वळतं?

दोन्ही, आणि दोन्हींना शरीरशास्त्राचा आधार आहे. कातडी थंड झाली की तिथल्या मज्जातंतूंतून संदेश जाण्याचा वेग मंदावतो. हा झाला जागेवरचा परिणाम. दुसरा परिणाम वर, मज्जारज्जूत. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गेट कंट्रोल थिअरीनुसार वेदनेचे संदेश मेंदूकडे सरळ जात नाहीत. मज्जारज्जूत त्यांची छाननी होते. त्याच वेळी त्याच भागातून स्पर्शाचे किंवा कंपाचे संदेश आले तर वेदनेचा जोर उतरतो. टेबलाचा कोपरा लागला की आपण ती जागा चोळतो, ते याचमुळे. म्हणून परदेशात लहान मुलांसाठी थंड पॅक आणि कंप एकत्र देणारी छोटी यंत्रं निघाली आहेत. ती टोचायच्या जागेवर नाही, तिच्या थोडी वर, म्हणजे मेंदूच्या बाजूला धरतात.

थंडीने भूल देणं माझ्या शाखेपेक्षाही जुनं आहे. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लॅरे याने १८०७ च्या आयलाऊच्या लढाईत पाहिलं, कडाक्याच्या थंडीत गारठलेल्या सैनिकांचे पाय कापताना त्यांना वेदना फारच कमी होत होत्या. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट बर्फात मीठ मिसळून ते मिश्रण शस्त्रक्रियेच्या जागेवर लावायचा. हे वाचून कोणी घरी बर्फात मीठ घालू नका. ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडीला जखम होते.

आता जांभळी_ट्यूब यांच्याशी अर्धा मतभेद. बर्फ चोळून शीर आकसते हे खरं. पण थंड फवाऱ्याचं गणित जरा वेगळं आहे. इथाइल क्लोराइडसारखं द्रव्य जेमतेम १२ अंशांना उकळतं, म्हणजे कातडीवर पडताच उडून जातं आणि जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताटीतून वारा गार का येतो, तेच हे, फक्त फार जोरात. काही सेकंदांत वरचा थर पांढुरका होतो आणि लगेच सुई घालायची. खोल शिरेपर्यंत गारठा पोचायला वेळच मिळत नाही. सलाइनची सुई लावताना या फवाऱ्याने दुखणं कमी होतं आणि सुई लावणं अवघड होत नाही, असं २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक प्रयोग एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, निघालं. मात्र ते द्रव्य ज्वालाग्राही आहे, डोळ्यांजवळ किंवा जखमेवर चालत नाही. हे दवाखान्याचं काम, घरचं नाही.

सासूबाईंसाठी: मांडीवर मिनिटभर फिरवलेल्या बर्फाने सांधे धरत नाहीत. पण त्यांची शंका पूर्ण उडवून लावू नका. सांध्यांच्या काही आजारांत थंडीने बोटं आधी पांढरी आणि मग निळी पडतात. मुलीला तसं होत असेल तर तिच्या डॉक्टरांना सांगा आणि बर्फ बंद करा.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, पाटी नाही म्हणून फी नाही, असं समजून राहिलो मी.

माठातलं_इन्सुलिन

वीजमंडळाच्या कृपेने माझं नाव पडलं आहे. उन्हाळ्यात आमच्या भागात लाइट गेली की तासन्‌तास येत नाही, आणि बाहेर ४५ अंश. म्हणून चालू वायल मी डब्यात घालून ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात ठेवते. डॉक्टरांना विचारूनच.

मला वेगळंच सांगायचंय. थंड कातडी चालेल, पण थंड औषध नको. फ्रिजमधून काढलं आणि लगेच टोचलं की आत गार रेघ ओढल्यासारखं झोंबतं. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालतं असं कागदावर लिहिलेलं असतं, फक्त आपली नागपूरची मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही. नवीन वायल फ्रिजमधून काढली तर अर्धा तास बाहेर राहू द्यायची.

आणि सुई बदला हो! इन्सुलिनच्या पेनची एकच सुई आठवडाभर वापरणारे माझ्या ओळखीत निम्मे असतील. टोक बोथट होतं आणि मग म्हणतात इन्सुलिन दुखतं. ४ मिलिमीटरच्या सुईला बर्फाची गरजच पडत नाही. मी तरी कधी लावला नाही.

वैनगंगाकाठची

सगळं वाचलं. आता जरा गंभीर लिहिते, कारण धागा नागपूरचा आहे आणि अजून कोणी हे लिहिलं नाही.

आमचं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं. धाकटा भाऊ सिकलसेलचा, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार असलेला. विदर्भात हा आजार किती आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. थंडी लागली की त्याची दुखणी उठतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्त हळू वाहतं, विळ्यासारख्या झालेल्या पेशी अडकतात आणि मग हाडं फुटल्यासारखं दुखतं. पावसात भिजणं, थंड पाण्याने आंघोळ, विहिरीत पोहणं, सगळं बंद असतं. अशा मुलाला सुईचं दुखणं कमी करायला बर्फ लावायचा नाही. त्याच्या डॉक्टरांनी आम्हाला हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

एका खाजगी ठिकाणी सलाइन लावताना तिथल्या नवीन मुलीने प्रेमाने बर्फाची पिशवी आणली. आईने ती हातातूनच काढून घेतली. त्या मुलीचा हेतू चांगला होता, पण फाइलवर लाल अक्षरात एसएस लिहिलेलं कोणी वाचलंच नव्हतं.

त्याला आम्ही उलटं करतो. भरपूर पाणी, अंगावर पांघरूण, हाताला कोमट शेक. त्याने शीरही लवकर मिळते. बधिर करणारी क्रीम लावतो. ती तासभर आधी जाड थर देऊन, वरून पारदर्शक पट्टी चिकटवून ठेवावी लागते. लावली आणि दहा मिनिटांत टोचलं तर फुकट.

मेघा_लक्ष्मीनगर

@वैनगंगाकाठची, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. शेजारच्या फ्लॅटमधली ताई तिच्या मुलासाठी माझ्याकडून बर्फाची युक्ती घेऊन गेली होती. आत्ताच जाऊन विचारून आले, त्यांच्या घरात कोणाला सिकलसेल नाही.

बिनपाटीचा_डॉक्टर

वैनगंगाकाठची यांच्या पोस्टला दोन हात जोडून अनुमोदन. फक्त वाहक असलेल्या, म्हणजे एएस पॅटर्नच्या माणसाला सहसा असा त्रास होत नाही. पण आपला पॅटर्न कोणता ते माहीतच नसलेले लोक विदर्भात भरपूर आहेत. रक्ताची तपासणी करून घ्या, विशेषतः लग्नाआधी.

क्रीमबद्दल एक भर. त्यात लिग्नोकेनबरोबर प्रिलोकेन असतं, दोन्ही बधिर करणारी औषधं. अगदी तान्ह्या बाळांना ती मनाने लावू नका, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. किती आणि कुठे ते डॉक्टरांनीच ठरवावं.

मनोरमा_प

अजून एक बर्फबंदी. आईला आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्झॅलिप्लॅटिन चालू होतं. त्या औषधानंतर काही दिवस थंडाचा नुसता स्पर्श झाला तरी बोटांना झिणझिण्या आणि घशात काटे. फ्रिजचं दार उघडायलाही हातमोजे घालायची. अशा पेशंटला कोणी बर्फ देऊ नये.

अंबाझरी_वॉकर

डायलिसिसवाला बोलतोय. आठवड्यातून तीन दिवस, हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर. इन्सुलिनच्या सुईचं दुखणं सांगणाऱ्यांनो, आमची सुई एकदा बघून जा. १६ नंबरची, काहींना १५. आणि सुयांच्या जगात नंबर जेवढा लहान तेवढी सुई जाड. एका वेळी दोन.

फिस्टुलाच्या हातावर कोणी मनाने बर्फ ठेवू नका, तो हात म्हणजे आमचा जीव. आमच्या युनिटच्या सिस्टरने दुसरीच गंमत शिकवली. बर्फ लावायचा तो दुसऱ्या हाताला! अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागावर, सुई जायच्या आधीपासून जाईपर्यंत गोल गोल फिरवायचा. मी हसलो होतो. मग तिनेच सांगितलं की आपल्याकडच्या डायलिसिस पेशंटवर असा प्रयोग झालाय आणि २००८ मध्ये इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजीत छापून आलाय, बर्फवाल्या गटाला दुखणं कमी झालं. मला फरक पडतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना अजिबात पडत नाही, ते डोळे मिटून हरिपाठ म्हणतात. दोघांची सुई एकाच वेळी जाते, आणि ओरडत दोघंही नाही.

रोखठोक_भाऊ

दुसऱ्या हाताला बर्फ लावून या हाताचं दुखणं कमी? डॉक्टर, हे पटून नाही राहिलं.

बिनपाटीचा_डॉक्टर

पटायला अवघड आहे खरं. पण शरीराच्या एका जागी बोचरी संवेदना चालू असताना दुसऱ्या जागची वेदना दबते, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. मेंदूकडून खाली येणारे संदेश ते काम करतात. त्या बिंदूतच काही खास आहे का, यावर मी वाद घालणार नाही. बर्फ स्वस्त आहे आणि दुसऱ्या हाताला तसा धोकाही नाही, सिकलसेल वगैरे सोडून.

नथनी

अवांतर: भाचीचं नाक टोचायचंय. इतवारीतल्या आमच्या पिढीजात सोनाराकडे की पार्लरमध्ये गनने? आणि तिथे बर्फ चालतो का? मोठी बहीण म्हणते कान टोचताना तिच्या पाळीला बर्फ चोळला होता आणि काही कळलं नाही.

पोहे_तर्री_जास्त

सोनाराकडेच जा. आमचा सोनार तार पाळीतून आरपार जाईपर्यंत "बाळ, मामाचं गाव कोणतं" विचारत राहायचा. गाव आठवेपर्यंत काम खतम. आमच्या घरातल्या सगळ्या पोरी त्याच्याकडे टोचल्या, एकीलाही गाव धड सांगता आलं नाही.

निवृत्त_सिस्टर

@नथनी, बर्फाने पाळी कडक होते, टोचणाऱ्याला जोर लावावा लागतो, आणि ओलं राहिलं तर भोक पिकतं. लावायचाच तर क्षणभर, आणि नीट कोरडं करून. नाकाच्या भोकाला गन नको. ती नीट निर्जंतुक होत नाही आणि नाकपुडीत कूर्चा असते, ती दुखावते. सोनार असो की कोणी, सुई नवीन आणि बंद पाकिटातली आहे का ते डोळ्यांनी बघा.

आणि हो, सोनाराची ती मामाच्या गावची युक्ती वॉर्डात मीही वापरलेली आहे.

आडवा_पडतो

मला दुखण्याची भीतीच नाही. सुई बघितली की घाम, कानात शिट्टी, आणि पुढचं आठवतं ते छताचा पंखा. ऑफिसच्या रक्तदान शिबिरात चार जणांनी उचलून नेलंय. माझ्यासाठी बर्फ काय करणार?

बिनपाटीचा_डॉक्टर

फार काही नाही. तुमचा रक्तदाब आणि नाडी अचानक खाली येते. आडवं पडूनच टोचून घ्या आणि आधीच सांगा, लाजू नका. दुसरं, सुई यायच्या आधी पाय, पोट आणि मोकळा हात यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडा, थोडं थांबून पुन्हा. रक्तदाब वर राहतो. टोचायचा हात मात्र सैल ठेवा. लोकांना "रिलॅक्स व्हा" सांगतात, तुमच्यासारख्यांना ते उलटं पडतं.

हनुमाननगर_इलेव्हन

आमच्या क्रिकेटच्या किटमध्ये अंगदुखीचा स्प्रे असतो. मस्त गार लागतो. तोच मारून इंजेक्शन घेतलं तर?

बिनपाटीचा_डॉक्टर

नको! त्यात बहुतेक मेंथॉल आणि दुखण्याची औषधं असतात. मेंथॉलने कातडी प्रत्यक्षात तेवढी थंड होत नाही. थंडी ओळखणारा जो ग्राहक (रिसेप्टर) आपल्या मज्जातंतूंवर असतो, त्यालाच ते चालू करतं आणि मेंदूला गार वाटतं. हा ग्राहक मेंथॉलच्याच मदतीने शोधला गेला. ज्युलियस आणि पटापुटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं, त्यातलाच हा भाग. पण त्या औषधांच्या थरातून सुई आत घालणं बरोबर नाही.

सव्वादोन_महिन्यांची_आई

वाचून वाचून धीर केला. बाळाला दहा आठवड्यांची लस द्यायची आहे. मागच्या वेळी मांडीत टोचल्यावर ते निळं होईपर्यंत रडलं आणि मीही रडले. एवढ्याशा बाळाला बर्फ?

निवृत्त_सिस्टर

नको ग. एवढ्या लहान कातडीला बर्फाची गरजही नाही. टोचायच्या जरा आधी अंगावर घे आणि टोचतानाही पाजत राहा. आमच्या वेळी टेबलावर आडवं पाडून पाय दाबून धरायचे, आता आईच्या कुशीत द्यायचं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणाच्या दुखण्यावर जे काढलं त्यात हेच आहे: बाळ आईजवळ, स्तनपान, जास्त झोंबणारी लस सगळ्यात शेवटी, आणि सुई आत गेल्यावर रक्त येतं का बघायला दट्ट्या मागे ओढायचा नाही. टोचायच्या आधीच पॅरासिटामॉल पाजू नका, त्याने सुईचं दुखणं कमी होत नाही. नंतर ताप आला तर सिस्टर सांगेल तेवढा डोस.

टोचल्यावर चोळत बसायचं नाही. हे सगळ्या आज्यांना सांगून ठेव.

सव्वादोन_महिन्यांची_आई

आजी शेजारीच बसली आहे, तिने वाचलं. "बरं" म्हणाली, पण आवाज बरा नव्हता.

मेघा_लक्ष्मीनगर

उशीर झाला लिहायला. मुलीच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. तिची बोटं थंडीने पांढरी पडत नाहीत, त्यामुळे मांडीवर मिनिटभर बर्फाला त्यांची हरकत नाही. रक्त काढताना मात्र कोमट शेक.

रविवारी सिस्टरांच्या क्रमाने केलं. काकांना आधी सिरिंज भरायला लावली. ते थोडे रुसले, पण भरली. स्पिरिट वाळेपर्यंत थांबायला त्यांना फार जड गेलं, हातात सुई धरून फुंकर मारायला निघाले होते. फुंकर नको म्हटलं. लेकीने बर्फ स्वतःच्या हाताने धरला आणि "आता" ती म्हणेल तेव्हाच टोचायचं असं ठरलं. दोनदा "आता नाही" झालं. तिसऱ्यांदा म्हणाली. दुखलं का विचारलं तर म्हणे, "दुखलं, पण मी सांगितलं तेव्हा दुखलं."

लॅबमध्ये पाणी पाजून आणि कोपराला गरम पिशवी लावून नेलं. पहिल्याच टोचणीत काम झालं. @जांभळी_ट्यूब, ते दादा तुम्हीच तर नाही ना?

जांभळी_ट्यूब

धंतोलीत लॅब पुष्कळ आहेत मॅडम. :) पण परवा एक छोटी मुलगी आली होती, तिने मला आधी विचारलं की स्पिरिट वाळलं का.

रोखठोक_भाऊ

माझा एक प्रश्न. मित्रासाठी विचारून राहिलो. दाढ काढायची आहे, टाळूत इंजेक्शन देतात ते लय दुखते म्हणे. तिथे?

बिनपाटीचा_डॉक्टर

मित्राला सांगा, टाळूचं इंजेक्शन खरंच दुखतं, कारण तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते. कापसाच्या काडीवर बर्फ धरून आधी ती जागा गार करणारे दंतवैद्य आहेत. विचारायला काहीच हरकत नाही. थंडाने दात कळवळत असेल तर तेवढं आधी सांगायचं. आणि भरल्यापोटी जायला सांगा, उपाशी जाऊन चक्कर येणारे मी बरेच पाहिले.

रोखठोक_भाऊ

ठीक आहे. शनिवारी अकराची वेळ आहे. मित्राची.

वऱ्हाडी_ठेचा

मित्राले म्हणा, सकाळी तर्री-पोहे दाबून खाऊन जाय. चार दिवस मग खिचडीच हाय.